रिकाम्या टाकीची नोंदवही

वर्षाच्या तिसऱ्या महिन्यातील पहिल्या सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता, आमच्या घराच्या तळमजल्यावरील पूर्वेकडच्या खोलीत पाच फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी काचेची टाकी लोखंडी घडवंचीवर बसवण्यात आली. हमाल परत गेल्यावर खोलीत चार माणसे उरली : मी, माझी पत्नी, टाकी आणणारा दुकानदार आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले माझे वडील. पाणसळ लावून मी घडवंचीचे चारही कोपरे पाहिले. डावा मागचा पाय एका सुताने खाली होता. त्याखाली पत्र्याची चकती सरकवली. हे सारे नोंदवहीच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलेले आहे.

बाजारातले तराजू आणि मापे तपासून त्यांवर शिक्का उमटवणे हे माझे बत्तीस वर्षांचे काम. तराजू खरा की खोटा याविषयी मी वाद घालत नाही. वजन टाकून पाहतो. उरलेल्या सर्व विषयांवर मी वाद घालतो, असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे, आणि ते मला मान्य नाही.

वडील एका मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. घरी आले की आधी कोपरापर्यंत हात धूत आणि मगच आम्हा भावंडांना जवळ घेत. सात महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. शब्द आठ-दहा उरले, तेही तोंडातून सांडल्यासारखे ओले. पलंगावरच सगळे होऊ लागले. कमरेवर शय्याव्रण झाला, आणि तो तळहाताएवढा झाला. पाचव्या महिन्यात त्यांनी जेवण जवळजवळ सोडले. घास पुढे केला की ते ओठ मिटून घेत. कारण विचारता विचारता एका दुपारी दोन शब्द निघाले : "कमी... घाण." पोटात जे जाईल ते बाहेर येणार आणि ते कोणाला तरी पुसावे लागणार, हा त्यांचा हिशेब होता. तो कोणी तरी म्हणजे दुपारी माझी पत्नी आणि सकाळी मी.

मला किळस येत असे. ती मी कधी बोलून दाखवली नाही, पण लपवूही शकलो नाही. बाहेरच्या बोळात छातीभर श्वास घ्यायचा, तो कोंडून आत जायचे, दुपटे सोडायचे, पुसायचे, नवे बांधायचे आणि चाळीस अंक मोजून होण्याच्या आत बाहेर येऊन श्वास सोडायचा, अशी माझी रीत होती. मी आत असेपर्यंत बाबा डोळे मिटून घेत. दोघांनी मिळून पाळलेला तो शिष्टाचार होता.

माझी धाकटी बहीण चार तासांच्या अंतरावर राहते. तिच्या गावात अशा रुग्णांची शुश्रूषा करणारी चांगली संस्था आहे. बाबांना तिकडे हलवावे, असे तिचे मत. माझे मत उलट. वाद तीन रविवार चालला आणि शेवटी एका अटीवर मिटला. बाबांचे वजन त्या दिवशी एक्कावन्न किलो होते. सहा आठवड्यांत ते वाढले तर बाबा इथे राहतील. घटले तर ती घेऊन जाईल. "वजनाच्या बाबतीत तू खोटं बोलणार नाहीस, एवढं मला ठाऊक आहे, दादा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सुचवले की माणसाला भिंतीऐवजी पाहायला काहीतरी द्या. पत्नी म्हणाली, टीव्हीतली माणसे फार बोलतात, त्यापेक्षा मासे बरे. बाबांना विचारले, तर त्यांनी डावा हात उचलला. टाकीची हकीकत अशी सुरू झाली.

आता थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. नव्या टाकीत लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो आणि तो त्यांनाच मारतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे त्या मानाने निरुपद्रवी असून पाणवनस्पतींना पोसते. हे जिवाणू गाळणीत पुरेसे वसेपर्यंत पाच-सहा आठवडे रिकाम्या टाकीला रोज मोजून अमोनिया पाजावा लागतो आणि रोज पाणी तपासावे लागते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, आणि आलेला रंग शून्य ते आठ अंकांच्या छापील पट्टीशी जुळवायचा. पिवळा म्हणजे शून्य. जितका हिरवा तितका अमोनिया अधिक. माशांवाचून टाकी माशांसाठी तयार करायची, म्हणजे घाणीची व्यवस्था आधी आणि घाण करणारे नंतर. ही कल्पना मला अतिशय सुसंस्कृत वाटली.

तळाला काळी खतमाती, तिच्यावर बारीक वाळू, मध्ये फाटे फुटलेले जुने लाकूड, मागे फितीसारख्या लांब पानांची रोपे, पुढे रुंद पानांची, लाकडाला दोऱ्याने बांधलेले शेवाळ. पाणी भरून गाळणीची बादली जोडली. मग दुकानदाराने गाठ मारलेली एक जाड पिशवी माझ्या हाती दिली. तिच्यात दुसऱ्या एका टाकीच्या गाळणीतला जुना स्पंज होता. तो नव्या पाण्यात पिळला की जिवाणूंचे विरजण लागते आणि आठवडे वाचतात. या व्यवसायात सगळेच तसे करतात.

हाताला तो स्पंज वाटत नव्हता. कच्च्या काळजाच्या तुकड्यासारखा तो थंड आणि गुळगुळीत होता, आणि दाबला तर आतून किंचित उलट दाबत होता. पिळताच चहाच्या चोथ्याच्या रंगाचा दाट रस बोटांच्या फटींतून निघाला. त्यातला थोडा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला आणि तिथे चिकटून राहिला. तुंबलेल्या मोरीचा, भिजून कुजलेल्या चामड्याचा आणि त्याखाली काहीतरी गोडसर असा वास खोलीभर झाला. पत्नीने नाकाला पदर लावला.

"ज्यांना किळस येते ते बाटलीतले जिवाणू विकत घेतात, साहेब," दुकानदार म्हणाला. "हे एकोणीस वर्षं सलग चाललेल्या टाकीतलं आहे. मागून मिळत नाही असलं."

किती वर्षे चालली, एवढेच मी ऐकले. वापरलेल्या तराजूवर शिक्का मारण्यापूर्वी तो आजवर कोणाकडे होता, कशासाठी होता आणि त्याने का विकला, हे तिन्ही प्रश्न मी न चुकता विचारतो. त्या सकाळी मी एकही विचारला नाही.

बाबांनी मान वळवली ती तेव्हा. सात महिन्यांत प्रथमच, आपणहून. पाण्यात पसरत जाणाऱ्या त्या तपकिरी ढगाकडे ते पाहत राहिले.

पहिला आठवडा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे गेला. सहाव्या दिवशी लाकडावर पांढुरका, अर्धपारदर्शक बुळबुळीत थर चढला आणि त्याचे धागे पाण्यात लोंबू लागले. पाण्यात नव्याने बुडवलेल्या लाकडाला असे होते. ते आपोआप जाते. मी हे समजावून सांगत असता पत्नीने वाकून पाहिले आणि विचारले, "अहो, लाकडाला सर्दी झालीय का?" पलंगावरून एक आवाज आला. मला वाटले बाबांना ठसका लागला. ते हसत होते. त्या दिवशी त्यांनी अर्धी वाटी भात खाल्ला.

नवव्या दिवशी सकाळी आठ वाजता मोजून घातलेला अमोनिया सायंकाळी सहाला शून्य झाला. पहिल्या टप्प्याचे तीन आठवड्यांचे काम नऊ दिवसांत. दुकानदाराला फोनवर सांगितले, तर तो इतका खूश झाला की जणू नातू पास झाला. बाराव्या दिवशी कार्यालयाच्या गडबडीत मी अमोनिया घालायचे विसरलो. तेराव्या दिवशी सकाळी पाणी तपासले. शून्य अपेक्षित होते. पट्टीवर एकचा हिरवा रंग आला. मी नळी धुऊन पुन्हा पाहिले. पुन्हा एक. कुठले तरी पान कुजत असावे, असे लिहून मी अमोनिया घालणे बंद केले आणि वाट पाहिली. चौदाव्या दिवशी एक. पंधराव्या दिवशी एक.

पंधराव्या दिवशीची दुसरी नोंद वहीत नाही. सकाळी मी नेहमीप्रमाणे श्वास कोंडून आत गेलो. दुपट्याची गाठ घट्ट बसली होती, ती सुटेना. पन्नासपर्यंत मोजले, साठपर्यंत मोजले, आणि मग नाइलाजाने श्वास घेतला.

वास आला नाही.

दुपटे भरलेले होते. रंग होता, ओल होती, ऊब होती. वास मात्र नव्हता. मी वाकून आणखी एक श्वास घेतला. पाण्याचा पेला हुंगावा तसे वाटले. कमरेवरचा व्रण उघडला, तर त्यातला पू गेला होता आणि कडांवर पातळ, पांढुरका, चकचकीत थर आला होता. त्यालाही वास नव्हता. मान वर केली तो बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांनी डोळे मिटले नव्हते.

"स्वच्छ," ते म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा दोन्ही वेळा पोटभर जेवू लागले. मी बहिणीला फोन केला आणि सांगितले की ते दोन-दोन वाट्या भात खातात. हे खरे होते. तिने वजन विचारले. मी म्हणालो, सहा आठवडे झाल्यावर सांगेन, तसेच ठरले आहे. हेही खरे होते. आदल्याच दिवशी मी बाबांना खुर्चीसकट काट्यावर चढवले होते. एक्कावन्नाचे सत्तेचाळीस झाले होते. आयुष्यात प्रथमच मी एक वजन बघून सांगितले नाही.

कोणी म्हणेल, तेव्हाच थांबायला हवे होते. त्यावर माझे उत्तर असे की तेव्हा माझ्याजवळ पुरावा नव्हता. तो तीन दिवसांनी आला. डॉक्टरांनी काही तपासण्यांसाठी बाबांना दोन दिवस इस्पितळात ठेवून घेतले. ते दोन्ही दिवस टाकीतला अमोनिया शून्य होता. विसाव्या दिवशी दुपारी बाबा घरी आले. सायंकाळी पट्टीवर एक. इस्पितळातल्या प्रयोगशाळेने रक्तातल्या युरियाचा आकडा दोनदा काढला आणि दोन्ही वेळा तो इतका कमी भरला की नळीवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असाव्यात, असे डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. युरियापासून अमोनिया होतो, हे मला तोवर पाठ झाले होते.

त्या सायंकाळी मी टाकीसमोर उभा राहिलो. रोपे पृष्ठभागाला टेकली होती. पाने हाताच्या पंजाएवढी, तेलकट हिरवी. लाकडावरचा थर जायच्याऐवजी जाड झाला होता आणि आता काचेवरही आला होता. तो मागच्या काचेवर नव्हता, बाजूच्या काचांवर नव्हता. फक्त पलंगाकडच्या काचेवर, उशीच्या उंचीपासून खाली, माणूस कुशीवर निजल्यावर जेवढी जागा व्यापतो तेवढ्या भागात तो चढला होता. मी खरडणीने तो काढला. खरडणीला लागलेला गोळा मऊ होता आणि त्यावर बारीक सुरकुत्या होत्या. मी तो मोरीत टाकला आणि तीनदा हात धुतले. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता.

मी कोणाला काही सांगितले नाही. कारण स्पष्ट लिहितो. सात महिन्यांनंतर मी त्या खोलीत श्वास घेऊ शकत होतो. बाबांचे अंग पुसताना मला त्यांच्या डोळ्यांत पाहता येत होते. आमची जुनी ओळख परत आली होती, आणि ती कशाच्या बदल्यात आली, हे मला मोजून पाहायचे नव्हते.

पत्नीला ते सहन होत नव्हते. "या खोलीला वासच उरला नाही," ती म्हणाली. "साबणाचा नाही, औषधाचा नाही, बाबांचा नाही. पूर्वी नाक धरून का होईना, जात होते मी. आता उंबऱ्यापासूनच किळस येऊन मागे फिरते." मी तिला समजावले की किळस वासाची येते, वासाच्या अभावाची येणे तर्काला धरून नाही. ती म्हणाली, "तर्काला म्हणावं, तू पूस त्यांना आज."

चोविसाव्या दिवशी सकाळी सात वाजता नळीत थेंब टाकताच पाणी हिरवे न होता थेट काळपट झाले. पट्टीवरचा शेवटचा रंग आठचा. हा त्याच्या पलीकडचा होता. मी पाणी चौपट पातळ करून पुन्हा मोजले. तरी शेवटचाच रंग आला. टाकी दुधाळ झाली होती, आणि तिच्यातून प्रथमच वास येत होता. तो पहिल्या दिवशीचा वास होता, गोडसर भाग तेवढा वर आलेला.

कुजणारे काही सापडते का ते पाहण्यासाठी मी बाही खांद्यापर्यंत गुंडाळून हात घातला. पाणी पंचवीस अंशांवर असायला हवे. ते त्याहून ऊन होते, तापलेल्या माणसाच्या काखेइतके. लाकडाच्या फाट्यांखाली, रोपांच्या मुळांत, मातीत बोटे खुपसून मी चाचपत गेलो. दिसत काहीच नव्हते. बुळबुळीत धागे बोटांभोवती गुंडाळत होते आणि हात पुढे नेला की सोडत होते. एका ठिकाणी, पलंगाकडच्या काचेजवळ, हाताला काहीतरी मऊ लागले आणि माझ्या दाबाबरोबर ते किंचित आत गेले, जशी फासळ्यांखालची कूस जाते. मी मूठ मिटली. मुठीत नुसते पाणी होते.

मला तिथेच, पाणी बदलण्याच्या रिकाम्या बादलीत, ओकारी झाली.

मी वळलो. बाबा जागे होते. ते टाकीकडे पाहत होते.

त्या दिवसापासून सगळे सोपे झाले. दुपटे कोरडे राहू लागले. बाबांना भूक नव्हती, तहानही नव्हती. म्हातारे शरीर थोडक्यात भागवते, असे मी पत्नीला सांगितले. मी त्यांची दाढी रोज करत असे. आता तीही रोज करावी लागेना. अंग थंड आणि दमट असे, हिवाळ्यात खिडकीची काच असते तसे. त्यांना कुशीवर वळवताना पूर्वी डाव्या हाताने ते मला साथ देत. आता देत नव्हते, पण वजनही फारसे उरले नव्हते. फक्त बोलणे सुधारले. शब्द पुसून ठेवल्यासारखे स्वच्छ येऊ लागले. "पडदा उघड." "दिवा असू दे." मी हे प्रगतीच्या सदरात लिहिले.

सत्ताविसाव्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, बहीण न कळवता आली. वहिनीने फोन केला होता म्हणाली. बाहेर रुग्णवाहिका उभी होती.

ती सरळ पलंगाजवळ गेली आणि बाबांच्या कपाळावर हात ठेवला. मग तो हात तिने उचलला, पाहिला आणि पर्समधून रुमाल काढून पुसला. एकेक बोट पुसले. आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन ती ओशाळली, पण रुमाल तिने परत पर्समध्ये ठेवला नाही, खिडकीत ठेवला.

"वजन सांग, दादा."

मी अटीची मुदत सांगितली. अजून आठ दिवस बाकी होते.

"मुदत गेली खड्ड्यात. मी यांना आत्ता नेते."

मी बोलू लागलो. मी तिला शय्याव्रण कसा स्वच्छ झाला ते सांगितले, दोन-दोन वाट्या भात सांगितला, हसणे सांगितले. प्रत्येक विधान खरे होते आणि त्याची तारीख मी सांगत नव्हतो. बहीण ऐकत होती आणि रडत होती. पत्नी दारात उभी होती. शेवटी मी म्हणालो की बाबा काही वस्तू नाहीत, त्यांना विचारूया. ते हो म्हणाले तर घेऊन जा.

बहीण गुडघ्यांवर बसली. "बाबा, माझ्याकडे येता? मी सगळं करीन तुमचं. मला नाही कसली घाण वाटत."

तिने त्यांचा हात हातात घेतला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "इथे स्वच्छ आहे."

पाच शब्द, एकही न अडखळता. ओठ हलले ते शब्दांच्या मागून, असे मला वाटले; पण मी पायथ्याशी उभा होतो आणि तिथून नीट दिसत नव्हते.

बहिणीने त्यांचा हात कपाळाला लावला. या वेळी तिने काही पुसले नाही. रुग्णवाहिका रिकामी गेली.

बत्तिसाव्या दिवशी सकाळी बाबा हाकेला उठले नाहीत. डोळे उघडे होते. डॉक्टर आले. त्यांनी बराच वेळ मनगट धरले, पापण्या तपासल्या, पाठ पाहिली, पुन्हा मनगट धरले. खोलीची खिडकी किती दिवस बंद आहे, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, ती रोज उघडतो. केव्हा शेवटचे बोलले, असे विचारले. काल सायंकाळी, मी म्हणालो. दिवा असू दे म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि दाखल्यावर त्या दिवसाची तारीख घातली.

अंत्यसंस्कारानंतर माझी आणि बहिणीची भेट झाली ती चाळिसाव्या दिवशी, सकाळी अकराला. ती बाबांचे कपडे आणि कागद न्यायला आली होती. ती वाळली होती. कपाटासमोर बसून ती सदऱ्यांच्या घड्या घालत होती, आणि एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत होती. मी त्यांना तेव्हाच नेलं असतं तर? रुग्णवाहिका दारात होती, दादा. मी ऐकायला नको होतं का?

मी तिला तेच सांगत होतो जे स्वतःला सांगत आलो होतो. ते बाबांनी स्वतः ठरवले. तुझ्यासमोर, माझ्यासमोर, शुद्धीत, स्पष्ट शब्दांत. आपण दोघांनी फक्त त्यांचा मान राखला. दुसरा कोणताही बचाव माझ्याकडे नव्हता, आणि हा भक्कम होता. तिने मान हलवली. "हो. ते स्वतः म्हणाले. मी ऐकलं." तिच्या चेहऱ्यावर त्या सकाळी प्रथमच थोडा विसावा दिसला.

दुकानदार त्याच सुमारास आला. मी त्याला टाकी परत न्यायला बोलावले होते. घरात दुःख झाले आहे, एवढे त्याला ठाऊक होते. तो हळू बोलत होता. टाकी पाहून मात्र त्याला राहवले नाही. पाणी हवेसारखे निर्मळ होते. काचेवरचा थर गेला होता, लाकूड स्वच्छ होते. पाने एकही न किडलेली. सवयीने त्याने खिशातून बाटल्या काढल्या, नळ्या भरल्या आणि उजेडात धरल्या. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेट पट्टीवरच्या शेवटच्या लालपर्यंत.

"कुठले मासे ठेवले होते?" त्याने विचारले.

एकही नाही, मी म्हणालो.

तो हसला. रिकाम्या टाकीत एवढे नायट्रेट होत नाही; काहीतरी मोठे खाऊन-पिऊन राहत होते यात, असे तो म्हणाला. मी म्हणालो, विश्वास नसेल तर नोंदवही पाहा. आणि ती त्याच्या हाती दिली. खोटेपणाचा आरोप मला सहन होत नाही.

त्याने चष्मा लावला. तो आकड्यांवरून बोट फिरवत गेला. मध्ये एकदा कौतुकाने मान डोलावली, एकदा मागे जाऊन पान पुन्हा पाहिले. बहिणीने घड्या घालणे थांबवले होते. एका ओळीवर त्याचे बोट थांबले, आणि त्याने ओळीच्या सुरुवातीला लिहिलेला दिवसाचा अंक वाचला. मग पुढच्या आठ ओळी एकेक करून वाचल्या.

"चोविसाव्या दिवशी यात काहीतरी मेलंय," तो म्हणाला. "जिवंत असताना आकडा कधी असा चढत नाही. मेलं आणि बत्तिसाव्यापर्यंत तसंच पडून राहिलं. मेलं त्याच दिवशी बाहेर काढायला हवं होतं तुम्ही."